कोल्हापूरचं गिअर ऑइल

अण्णांचा कोल्हापूरबाहेरच्या कुठल्याही तेलावर विश्वास नव्हता. खायच्या नाही, डोक्याला लावायच्या नाही आणि गाडीत घालायच्या तर मुळीच नाही. केंद्र सरकारच्या खात्यात नोकरी, बदली झाली चंदीगडला, पण आमचं घर मनानं कधी चंदीगडला आलंच नाही. दर मे महिन्यात आम्ही कोल्हापूरला जायचो आणि परत येताना लोखंडी ट्रंक भरून गाव घेऊन यायचो. वर्षाची कांदा-लसूण चटणी, गुळाच्या ढेपा, जोंधळ्याचं पीठ, घाण्याचं शेंगतेल आणि सगळ्यात खाली, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला गिअर ऑइलचा पत्र्याचा डबा. तो बापूकाकांच्या कारखान्यातला. बापूकाका म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. त्यांचा लेथचा आणि गाड्या दुरुस्तीचा छोटा कारखाना होता. एकदा डबा पाझरला आणि अख्ख्या पिठाला ऑइलचा वास लागला. आईनं ते पीठ अण्णांच्या समोर ओतून टाकलं. "अवो, ह्या गावात ऑइल मिळत न्हाई काय? हितल्या गाड्या काय पाण्यावर चालत्यात?" अण्णा शांतपणे म्हणाले, "मिळतं की. पण ते बापूनं दिलेलं न्हाई."

आता माझे गुडघे गेलेत आणि नातू विनागिअरची स्कूटर चालवतो. त्याला गिअर ऑइल म्हटलं की हसू येतं. त्याला वाटतं आजीला म्हातारचळ लागला. लागू दे. चंदीगड म्हटलं की लोक मला तळं आणि गुलाबाची बाग विचारतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. मला आधी आमच्या क्वार्टरच्या मागचं सिमेंटचं अंगण आठवतं आणि तिथं स्टँडवर लावलेली अण्णांची मोटारसायकल. ती कोल्हापूरहून रेल्वेनं गोणपाटात बांधून आणली होती. रविवार सकाळ म्हणजे तिची सर्व्हिसिंग. बाहेर देऊन नाही, घरीच. अण्णा जुनी बनियन घालून उकिडवे बसायचे. आधी गाडी एक चक्कर फिरवून गरम करायची, म्हणजे आतलं ऑइल सुटं होतं. मग खालचा नट सोडून फुटक्या घमेल्यात जुनं ऑइल काढायचं. ते बोटांवर चोळून बघायचं, नाकाशी न्यायचं, आणि कण लागला तर माझ्या तळहातावर ठेवून म्हणायचे, "बघ शैले, गिअरच्या दाताचा चुरा पडायला लागला." मला कपडे वाळत घालायचे असायचे, पण चिंध्या धरून उभं राहावं लागायचं. वर आईचा आवाज, पोळपाटाचा आवाज, आणि खालच्या घरातून बीजींच्या रेडिओवरचं कीर्तन.

बीजी म्हणजे आमच्या खाली राहणाऱ्या बाई. सरकारी शाळेत शिकवायच्या. नवरा कधीच वारलेला, एकच मुलगा, जस्सी. सगळे त्यांना बीजीच म्हणायचे, म्हणून आम्हीही. थंडीत त्यांच्याकडून मोहरीच्या पानांचा साग आणि मक्याची रोटी वर यायची आणि आमच्याकडून पिठलं खाली जायचं. बीजी पिठल्यात साखर नाही ना, अशा संशयानं आधी चमच्याचं टोक जिभेला लावायच्या. जस्सी पॉलिटेक्निकला होता, उंच, किडकिडीत, पगडी बांधायला आरशासमोर अर्धा तास घालवणारा. मला जस्सी आवडायचा. आता लपवून काय करायचंय. त्याला माहीत होतं की नाही कुणास ठाऊक. चिंध्या धरायला मी कुरकुरत जायची, पण जायची ती तो तिथं असायचा म्हणून.

ऑइलवरनं त्याचं आणि अण्णांचं दर हिवाळ्यात वाजायचं. बापूकाका सगळ्या गाड्यांत एकच ऑइल घालत, नव्वद नंबरचं, दाट. कोल्हापुरात ते चाललं, तिथं थंडी ती केवढी! पण चंदीगडच्या जानेवारीत सकाळी ते ऑइल काकवीसारखं थिजायचं. या गाडीत क्लचच्या चकत्या त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या. ऑइल थिजलं की त्या एकमेकींना सोडायच्या नाहीत. क्लच पूर्ण दाबला तरी गाडी पुढं सरकायला बघायची, आणि उभ्या गाडीत न्यूट्रल काही केल्या पडायचा नाही. जस्सी म्हणायचा, "अंकल जी, ये तेल नहीं है, गोंद है. यहाँ सर्दी में पतला डालते हैं. तीस नंबर, चलो चालीस." अण्णा म्हणायचे, "पतला डालेगा तो दाँत घिसेगा. मेरा भाई तीस साल से यही डालता है." जस्सी माझ्याकडं बघून हळूच म्हणायचा, "शैली, तेरे चाचा जी कभी चंडीगढ़ आए हैं?" मी खुदकन हसायची आणि अण्णांचा चेहरा पडायचा. त्यांनी उपाय शोधला होता, आणि त्या उपायाचा त्यांना मोठा अभिमान होता. थांबायच्या आधी, गाडी चालती असतानाच न्यूट्रल करायचा, मग थांबायचं. आणि सकाळी निघण्याआधी क्लच दाबून गाडी दहा पावलं मागं-पुढं ढकलायची. ऑइल बदलायचं मात्र नाही. आपल्या माणसानं दिलेलं परक्या गावात चुकीचं ठरतं, हे मान्य करायचं म्हणजे मग सगळंच मान्य करावं लागलं असतं, असं मला आता वाटतं.

दिवस वाईट होते, पंजाबातल्या अतिरेक्यांचे आणि त्यांना शोधणाऱ्या पोलिसांचे. संध्याकाळी दिवे लागायच्या आत माणसं घरात. बसमधून उतरवून मारलेल्यांच्या बातम्या, बाजारातल्या बाँबच्या बातम्या, आणि दुसऱ्या बाजूनं, कुणाचा मुलगा चौकशीला नेला तो आलाच नाही, हे मात्र बातम्यांत नसायचं, बायका जिन्यात कुजबुजायच्या. आई सेक्टर सतराच्या बाजारात भाजीच्या पिशवीबरोबर जीव मुठीत घेऊन जायची. आम्हाला भीती एका बाजूची. बीजींना दोन्ही बाजूंची. तरण्या पोराला हे उचलतात नाहीतर ते, असं त्या म्हणायच्या, आणि ते म्हणताना स्वेटरचे टाके मोजत राहायच्या. शेवटी एक दिवस त्या वर आल्या, स्वयंपाकघरात आईजवळ पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "बहन जी, इसको अपने गाँव भेज दो. झाड़ू लगा लेगा. बस यहाँ से निकल जाए."

अण्णांनी बापूकाकांना फोन लावला. ट्रंक कॉल. पलीकडून काका एवढ्या जोरात ओरडले की मलाही ऐकू आलं, "दे की पाठवून! लेथवर घालतो पोराला. जेवायला घरात हायच." बस, एवढ्यावर ठरलं. त्या आठवड्यात आमच्या घरात किती दिवसांनी हसणं ऐकू आलं! मी जस्सीला मराठी शिकवायला बसले. "जेवाण मिळंल काय" म्हणताना तो 'ळ'च्या जागी काय वाटेल ते घालायचा, कोल्हापुरात तर 'ळ' नसलेलं वाक्य सापडायचं नाही, म्हणून मी त्याला "मळा, फळा, गूळ" घोकायला लावायची. आई त्याला तांबड्या रश्श्याची सवय लावत होती. डोळ्यांतून पाणी काढत तो खायचा आणि म्हणायचा, "आंटी जी, पंजाब में रहकर मर जाऊँ, वही ठीक है." सगळे हसलो होतो. ते हसणं आजही मला सहन होत नाही.

राहिलं होतं रेल्वेचं आरक्षण. सेक्टर सतराच्या खिडकीवर पहाटेपासून रांग लागायची, उजाडल्यावर गेलं तर उपयोग नाही. जस्सीची सायकल पंक्चर. अण्णा म्हणाले, मी गाडीवरून सोडतो. पण त्या दिवसांत मोटारसायकलवर दोन पुरुषांनी बसायला बंदी लागायची, उठायची, परत लागायची. तेव्हा लागलेली होती. मग अण्णा म्हणाले मी एकटाच जाऊन काढतो, तर बीजींना ते अवघड वाटलं. "आप ऑफ़िस जाओगे कि लाइन में खड़े रहोगे?" जस्सीनं तेवढ्यात किल्ली घेतली. धुकं असं की जिन्यातून अंगण दिसत नव्हतं. अण्णांनी त्याच्याकडून गाडी दहा पावलं मागं-पुढं ढकलून घेतली. "चलते-चलते न्यूट्रल करना, रे. खड़ा होके नहीं होगा." जस्सी म्हणाला, "व्हय की, अण्णा." मराठीत. आई वरून म्हणाली, "सावकाश जा रे बाबा." गाडीचा आवाज धुक्यात गेला. आम्ही चहा ठेवला.

जस्सी परत आला नाही. हे आत्ताच सांगून टाकते. वाचणाऱ्याला उगाच आशेवर ठेवायला मला आवडत नाही, आम्हाला पुष्कळ ठेवलं होतं.

काय झालं ते चौकातल्या दूधवाल्यानं सांगितलं. तो किटल्या घेऊन पोलिसांच्या तपासणी नाक्याच्या बाजूलाच थांबवलेला होता. धुक्यात ड्रम आणि दोऱ्या एकदम समोर आल्या, न्यूट्रल करायला जस्सीला वेळच मिळाला नाही. ब्रेक मारून, क्लच दाबून तो उभा राहिला. बॅटरीचा उजेड तोंडावर पडला, पगडी दिसली, आणि जवान ओरडला, "हाथ ऊपर! दोनों हाथ!" आता बघा. गाडी पहिल्या गिअरमध्ये. डावा हात क्लचवर आहे म्हणूनच ती उभी. न्यूट्रल पडत नाही. किल्ली बंद करायला हात खाली न्यायला हवा, आणि बंदुकीसमोर हात खाली नेणारा सरदार त्या सकाळी जिवंत राहिला नसता. त्यानं सांगितलं तसं केलं. दोन्ही हात वर केले. क्लच सुटला आणि गाडीनं पुढं उडी घेतली. ड्रम पाडून ती जवानाच्या गुडघ्यावर गेली. तो पडला. बाकीचे धावले. दूधवाला म्हणाला, लड़का चिल्ला रहा था, गियर में थी, गियर में थी. मग त्याला जीपमध्ये घातलं.

अण्णा ऑफिसला गेले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतर कितीतरी दिवस नाही. आधी एक चौकी, तिथले म्हणाले इथं आणलाच नाही. मग दुसरी. तिथं म्हणाले तिसऱ्या ठिकाणी विचारा. बीजींना बाहेर बाकावर बसवून ठेवायचे आणि आत एकटे अण्णा जायचे, कारण त्यांच्याशी निदान बोलायचे तरी. माझं हिंदी बरं म्हणून अण्णा मला बरोबर न्यायचे. शेवटी कुणाकुणाच्या ओळखीनं एका मोठ्या साहेबांपर्यंत पोचलो. अण्णांनी काय केलं असेल? पिशवीतून ऑइलचा डबा काढला! साहेबांच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर स्टीलच्या दोन वाट्या बुडाला बूड लावून ठेवल्या, मध्ये ऑइलचा थेंब घातला आणि एक वाटी सरकवून दाखवायला लागले. "साहब, ये देखिए. ठंड में ऐसा चिपकता है. क्लच छोड़ा तो गाड़ी कूदेगी ही. लड़के की ग़लती नहीं है. ग़लती ऑइल की है, साहब. मेरी है." मी खाली मान घालून उभी. मला लाज वाटत होती आणि रडूही येत होतं. माझा बाप चुकीचं काहीच सांगत नव्हता, एकेक शब्द खरा होता, आणि त्या खोलीत तो शब्द कुणाच्याही कामाचा नव्हता.

साहेब उद्धट नव्हते. उलट त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला. वाटीकडं नीट बघितलं. मग म्हणाले, "मोहिते जी, आप सेंट्रल गवर्नमेंट के आदमी हैं, शरीफ़ आदमी हैं. बच्ची साथ है. आप घर जाइए." अण्णा म्हणाले, "और लड़का?" साहेब म्हणाले, "कौन सा लड़का?" चहाचे कप तसेच राहिले. आम्ही बाहेर आलो तेव्हा बीजी बाकावरून उठल्या आणि अण्णांच्या तोंडाकडं बघितल्यावर परत बसल्या.

गाडी परत आली. हे तुम्हाला विचित्र वाटेल, आम्हालाही वाटलं. गाडी अण्णांच्या नावावर होती, तिचे कागद होते, सही करून ती घेऊन जा म्हणाले. पुढचा मडगार्ड चेपलेला, एक आरसा नाही, बाकी धडधाकट. पोराचे कागद कुठं होते? ती दारात उभी केल्यावर आई घरात जाऊन ओक्साबोक्शी रडली आणि म्हणाली, "विकून टाका ती अवदसा." अण्णांनी विकली नाही. पुढच्या रविवारी त्यांनी नेहमीसारखी बनियन घातली आणि अंगणात बसले. मी न बोलावता चिंध्या घेऊन गेले. नट सोडला, कोल्हापूरचं ऑइल घमेल्यात पडायला लागलं. इतक्या थंडीत ते पडतही नव्हतं, लोंबत होतं. अण्णांनी इथल्याच बाजारातून तीस नंबरचं आणलं होतं. ते पाण्यासारखं भरलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, धुकं तसंच असताना, त्यांनी किक मारली, क्लच दाबला, गिअर टाकला. गाडी जागची हलली नाही. पायाच्या नुसत्या टोकानं न्यूट्रल पडला. परत गिअर, परत न्यूट्रल. परत. किती वेळा केलं त्यांनी कोण जाणे. मग गाडी बंद केली आणि तिथंच सिमेंटवर बसून माझे अण्णा लहान पोरासारखे रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. त्यांना उठवावं की नाही हे मला कळेना, म्हणून मी घमेलं उचलून बाजूला ठेवलं.

त्यानंतर अण्णांच्या मनानं घेतलं की बीजींना सांगायचंच. आई नको म्हणत होती. "त्यांच्या जिवावर आणि कशाला घालताय? तुमचं मन हलकं व्हायला?" आईचं बरोबर होतं. पण अण्णा ऐकणाऱ्यातले थोडेच! शाळेतून बीजी आल्या तशी आम्ही खाली गेलो. बीजींनी स्वेटर विणायचा थांबवलेला नव्हता. तोच, जस्सीच्या मापाचा, मोरपंखी. आम्हाला बसवलं, गॅसवर चहाचं आधण ठेवलं. अण्णांनी हिंदीत, अडखळत, पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऑइल दाट होतं, जस्सी बदला म्हणत होता, मी ऐकलं नाही, पातळ घातलं असतं तर गाडीनं उडी मारली नसती. आता घालून बघितलं, खरंच उडी मारत नाही. "बहन जी, आपका लड़का मेरे तेल से गया."

बीजी ऐकत होत्या. आधण उकळून वाफ भिंतीवर चढत होती, ते त्यांच्या लक्षात नव्हतं. मग त्यांनी विणकाम मांडीवर ठेवलं आणि वर्गातल्या पोराला विचारावं तशा आवाजात विचारलं, "भाई साहब, एक बात सच-सच बताना. ये गाड़ी उस नाके पर कभी आपसे नहीं कूदी?"

मला वाटलं अण्णा म्हणतील नाही. आम्हाला घरात त्यांनी कधीच काही सांगितलं नव्हतं. पण अण्णांना खोटं बोलता यायचं नाही. ते म्हणाले, "कूदी थी, बहन जी. उसी हफ़्ते में. काग़ज़ निकालने को क्लच छोड़ा, तो कूदी. ड्रम को जाके लगी."

"फिर?"

"फिर कुछ नहीं." अण्णांचा आवाज ऐकूच येईना. "जवान हँसा. गाड़ी पकड़ के पीछे ली. बोला, आराम से, अंकल जी."